ताईचे डोळे स्वच्छ, माझ्याच पडद्यावर रक्ताचे ठिपके!

प्रश्न : माझं वय ४७. सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत मधुमेह निघाला. गोळ्या मी कधी चुकवल्या नाहीत, तरी तीन महिन्यांची शुगर दहाच्या खाली येईना. गेल्या वर्षी डॉक्टरांनी औषधं बदलली, आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं आणि पाच महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे हीच तीन महिन्यांची शुगर, १०.४ वरून ६.७ वर आली. मी खूश होते. मध्ये महिनाभर जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसायची, मग ते आपोआप थांबलं. तरी मनात शंका नको म्हणून डोळे दाखवायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत आणि उजव्या डोळ्यात थोडी सूजही आहे. नजर दोन्ही डोळ्यांची ६/६. याआधी पडदा कधी तपासला होता, असं आठवत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीला अठरा वर्षं मधुमेह आहे. पथ्य शून्य, शुगर कायम वर. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा ‘तुमचे डोळे छान आहेत’ असं तिला सांगितलं गेलं. एकाच आईवडिलांच्या मुली आम्ही, मग मलाच का? एका ओळखीच्यांचं म्हणणं, शुगर एकदम उतरवली की डोळे जातात. इंजेक्शन बंद करू का? बाकी तब्येत ठीक आहे. बीपी थोडं असतं, १५०/९० च्या आसपास, त्याची गोळी आठवण झाली की घेते. लघवीत प्रथिनं किंचित जातात असं रिपोर्टमध्ये आलंय. मुलगी १९ वर्षांची आहे, तिलाही हे होणार का? आणि डोळ्यात नेमकं बिघडतं काय, हे कुणी नीट सांगत नाही.

— एक वाचक

उत्तर : इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नका, डोसही कमी करू नका. तुमच्या ओळखीच्यांनी जे सांगितलं त्यात एक खरी गोष्ट आहे, तिच्याकडे येतोच. पण तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष साफ उलटा आहे. शुगर पुन्हा दहावर नेऊन पडद्याचं काडीचंही भलं होणार नाही.

तुमची चिडचिड समजते. नेमाने गोळ्या घेणारीच्या पदरी ठिपके आणि बेफिकीर राहणारीला शाबासकी, हा अन्यायच वाटणार. पण डोळ्याचा पडदा वागणुकीचे गुण देत नसतो. तिथे हिशेब होतो तो साखर किती चढली आणि किती वर्षं चढलेली राहिली याचा, त्यात रक्तदाबाची भर पडते आणि जन्मजात मिळालेल्या पेशींचा काटकपणा त्यातून वजा होतो. तुम्ही शेवटचा प्रश्न विचारलात तो आधी घेतो, म्हणजे बाकीच्यांची उत्तरं सोपी जातील.

पडदा म्हणजे रेटिना, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेलं पातळ अस्तर. गर्भात तो मेंदूपासूनच तयार होतो. वजनाच्या मानाने शरीरातल्या सगळ्यात जास्त प्राणवायू खाणाऱ्या भागांत त्याचा नंबर लागतो. त्यातही गंमत अशी की ही भूक उजेडात नाही, अंधारात वाढते. प्रकाशपेशींतून एक विद्युत्प्रवाह अंधारात अखंड वाहत असतो, उजेड पडला की तो थांबतो. प्रवाह चालू ठेवायला ऊर्जा लागते, म्हणजे रात्रभर डोळे मिटून तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा पडदा सर्वात जास्त राबत असतो. इतकी मागणी असूनही रक्तवाहिन्यांची दाटी तिथे परवडत नाही, कारण त्या प्रकाशाच्या वाटेत येतात. नजरेच्या ऐन मध्यबिंदूवर तर एकही केशवाहिनी नाही. मागणी मोठी, पुरवठा बेताचा, हाताशी शिल्लक जवळजवळ नाही. अशा जागी थोडा बिघाडही महागात पडतो.

आता या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशींकडे या. स्नायूच्या पेशीत साखर शिरायची तर मुख्यतः इन्सुलिन लागतं. या पेशींना ते लागत नाही. ग्लूट-१ नावाच्या वाहक प्रथिनातून साखर थेट आत येते, आणि रक्तात साखर वाढली तरी ही पेशी आवक म्हणावी तशी रोखू शकत नाही. रक्तात जेवढी जास्त, जवळपास त्याच प्रमाणात पेशीतही जास्त. मधुमेह सगळ्या शरीराचा असताना डोळा, मूत्रपिंड आणि नसा हेच भाग आधी का पकडले जातात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आत आलेल्या जादा साखरेला वाटा फुटतात. काही साखर अल्डोज रिडक्टेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) तावडीत सापडून सॉर्बिटॉल बनते, आणि ते बनवताना पेशीचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारं भांडवल खर्ची पडतं. काही साखर प्रथिनांना चिकटून त्यांना कडक आणि निरुपयोगी करते. काही रेणू प्रोटीन कायनेज सी नावाच्या विकराला नको तेव्हा जागं करतात, त्याने वाहिन्या आकसतात आणि पाझरू लागतात. हेक्सोसमाइनची म्हणून चौथी वाट आहे, ती प्रथिनांची कामंच बदलून टाकते. वर्षानुवर्षं या चार वाटांवर चार वेगळे संशोधक गट आपापलं घोडं दामटत होते. २००१ साली मायकेल ब्राउनली यांनी मांडणी केली की चारींचा उगम एकच असू शकतो : पेशीतली मायटोकाँड्रिया जादा साखर जाळताना सुपरऑक्साइड नावाचे उपद्रवी रेणू मोठ्या प्रमाणात तयार करतात, आणि पुढचं सगळं त्यातून सुरू होतं.

मांडणी देखणी आहे. पण देखण्या मांडणीवरून औषध बनवणं वेगळं. सॉर्बिटॉलची वाट अडवणारं सॉर्बिनिल नावाचं औषध प्राण्यांत छान चाललं. माणसांवरच्या चाचणीत, १९९० साली, रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने होणारा हा पडद्याचा विकार, थोपवण्यात ते कुचकामी ठरलं. अंधारातल्या भुकेवर उपाय म्हणून झोपताना डोळ्यांवर मंद उजेड देणारा मुखवटा लावून पाहिला गेला. पडद्याला सूज असलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत, २०१८ साली, त्याचाही उपयोग दिसला नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण ‘मधुमेहींच्या डोळ्यांसाठी खास’ म्हणून पूरक गोळ्या विकणारे अशाच एखाद्या वाटेचं चित्र काढून दाखवतात. चित्र खरं असतं. गोळीने दृष्टी वाचते हा पुढचा दावा तपासलेला नसतो.

तुमच्या ठिपक्यांकडे येऊ. केशवाहिनीला बाहेरून बिलगून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. त्या वाहिनीला आधार देतात, तिचा व्यास कमीजास्त करतात. पडद्यात त्यांची संख्या आतल्या पेशींच्या जवळपास बरोबरीने असते. शरीरात इतरत्र एवढं जवळून लक्ष क्वचितच ठेवलेलं असतं. वाढलेल्या साखरेत सर्वात आधी मरतात त्या या पेरिसाइट. आधार गेलेल्या जागी भिंत फुगते, सायकलच्या टायरची झिजलेली जागा फुगते तशी. हा सूक्ष्म फुगा डोळ्याच्या डॉक्टरांना लाल ठिपक्यासारखा दिसतो. फुटला तर आजूबाजूला रक्ताचा डाग. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘रक्ताचे ठिपके’ म्हणतो त्यातले काही रक्तस्राव असतात आणि काही न फुटलेले फुगे.

दरम्यान भिंतीचा आतला सांधाही ढिला होतो. निरोगी पडद्यात रक्त आणि ऊती यांच्यामध्ये मेंदूसारखाच कडक अडसर असतो, नको ते बाहेर पडत नाही. तो सैल पडला की पाणी, प्रथिनं, चरबी पाझरते. पाणी नजरेच्या मध्यभागी, मॅक्युलात साचलं की ती सूज; चरबी मागे राहिली की पिवळे खडे. तुमच्या उजव्या डोळ्यात यातला पाण्याचा भाग सुरू झालेला आहे.

दुसरीकडे पांढऱ्या पेशी केशवाहिनीच्या भिंतीला चिकटायला लागतात, आतलं अस्तर मरतं, त्या अस्तराखालचा पातळ थर म्हणजे तळपटल जाड होतं आणि हळूहळू काही केशवाहिन्या बंदच पडतात. पाझरण्यापेक्षा ही बंद पडण्याची भानगड मला जास्त काळजीची वाटते, कारण पुढचं मोठं नुकसान तिच्यातून येतं. उपाशी राहिलेला पडदा मदतीसाठी रसायन सोडतो. असं काहीतरी असलं पाहिजे, हा अंदाज आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ सालीच केला होता. ते काय, हे कळायला पुढची चार दशकं गेली. १९९४ साली मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात व्हीईजीएफ हे प्रथिन वाढलेलं सापडलं, आणि नव्या वाहिन्या उगवत असलेल्या डोळ्यांत ते सर्वात जास्त होतं. व्हीईजीएफ दोन कामं करतं. नव्या वाहिन्या उगवायला लावतं आणि असलेल्या वाहिन्यांना आणखी पाझरायला लावतं. म्हणूनच ते अडवणारी रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब ही डोळ्यात द्यायची इंजेक्शनं सुजेवरही चालतात आणि नव्या वाहिन्यांवरही. लेसरचं तर्कशास्त्र याच्या उलट्या टोकाचं आहे : कडेच्या पडद्यातल्या प्राणवायू खाणाऱ्या काही पेशी जाळायच्या, म्हणजे उरलेल्या पडद्याची उपासमार कमी होते आणि व्हीईजीएफ आपसूक उतरतं. रांगडा उपाय, पण १९७६ साली मोठ्या चाचणीतून सिद्ध झाला तेव्हापासून त्याने असंख्य डोळे वाचवले आहेत.

नव्या वाहिन्या वाईट का, असं रुग्ण विचारतात. रक्तपुरवठा वाढला तर बरंच की! त्या उगवतात चुकीच्या जागी. पडद्याच्या आत जायच्या ऐवजी पृष्ठभागावर येतात आणि डोळ्यात भरलेल्या पारदर्शक जेलीचा आधार घेऊन तिच्यावर पसरतात. नाजूक असतात, फुटतात, जेलीत रक्त पसरतं. पुढे तिथे तंतू तयार होऊन आकसले की पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. उतारवयात ही जेली पडद्यापासून आपोआप पूर्ण सुटलेली असली तर नव्या वाहिन्यांना चढायला आधारच उरत नाही. तुमच्या वयात ती बहुधा चिकटलेली असते. तुमच्या पत्रावरून तुमच्याकडे नव्या वाहिन्या दिसत नाहीत, तसं असतं तर डॉक्टरांनी ते ठासून सांगितलं असतं. तरी पुढच्या भेटीत एकच प्रश्न नेमका विचारा : ‘केशवाहिन्या बंद पडल्याच्या खुणा कुठे आहेत का?’

हे सगळं घडत असताना नजर ६/६ कशी? कारण मध्यबिंदूला धक्का लागेपर्यंत दिसण्यात काहीच फरक पडत नाही. दुखतही नाही. तुम्हाला जे महिनाभर पुसट दिसलं त्याचा ठिपक्यांशी संबंध नसावा. साखर वाढलेली असताना डोळ्यातल्या भिंगातही ती आणि सॉर्बिटॉल साठतं, भिंगाचं पाण्याचं प्रमाण बदलतं. साखर झपाट्याने उतरली की भिंगाची ताकद काही आठवडे बदलते आणि जवळचं वाचायला त्रास होतो. काही आठवड्यांत ते जागेवर येतं. म्हणून शुगर वरखाली होत असताना नवा चष्मा करून घ्यायची घाई करू नये. पण या निरुपद्रवी त्रासाने तुम्हाला वेळेवर पडद्याच्या डॉक्टरांकडे पोहोचवलं, हे एक बरं झालं.

आता ‘मलाच का’.

पहिली गोष्ट, तुमचा मधुमेह सहा वर्षांचा नाही. तो सापडून सहा वर्षं झाली आहेत. टाइप-२ मधुमेह कित्येक वर्षं गुपचूप असतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या प्रसिद्ध अभ्यासात नव्याने निदान झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांच्या पडद्यावर त्याच वेळी रेटिनोपॅथीच्या खुणा होत्या. टाइप-२ मध्ये निदान झाल्या झाल्या पडदा तपासायला सांगतात तो याचसाठी. तुमची ती तपासणी राहून गेली.

दुसरी गोष्ट जरा कटू आहे. ६.७ हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा आहे, पडद्याने भोगली ती त्याआधीची दहाच्या वरची वर्षं. याचा सर्वात चांगला पुरावा अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी या अभ्यासातून मिळाला. टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ जणांचे दोन गट केले, एकाची शुगर काटेकोर सांभाळली, एचबीएवनसी साधारण ७. दुसऱ्याचा नेहमीचा उपचार, साधारण ९. १९९३ साली अभ्यास संपला तेव्हा काटेकोर गटात नव्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. खरी नवलाची गोष्ट नंतरची. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची शुगर हळूहळू सारखीच, आठच्या आसपास आली, तरी पूर्वी काटेकोर राहिलेल्यांचे डोळे पुढे कित्येक वर्षं दुसऱ्या गटापेक्षा चांगले राहिले. पेशी साखरेची आठवण ठेवतात. वाहिन्यांच्या तळपटलातल्या साखर चिकटलेल्या प्रथिनांची झीज फार सावकाश होते, आणि कोणती जनुकं चालू राहावीत याच्या खुणाही साखर मागे सोडून जाते. म्हणजे आजच्या ६.७ चा फायदा तुम्हाला मिळणार आहे, पण तो दोन-चार वर्षांनी दिसेल.

तिसरी गोष्ट बहिणीची. त्यांचे डोळे ‘छान’ असल्याचा निर्वाळा चष्म्याचा नंबर काढताना मिळाला आहे. नंबर काढताना भिंग आणि बुबुळाची वक्रता जोखली जाते. पडदा बघायचा तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, किंवा पडद्याचा फोटो काढावा लागतो. अठरा वर्षांचा मधुमेह, शुगर कायम वर, आणि पडदा कुणी पाहिलेलाच नाही. त्यांचे डोळे स्वच्छ आहेत, असं तुमच्या पत्रात तरी कुठेच सिद्ध झालेलं नाही. तुमची नजरही ६/६ आहे, हे विसरू नका.

समजा, त्यांची तपासणी झाली आणि पडदा खरोखरच स्वच्छ निघाला. तेही घडू शकतं. टाइप-१ मधुमेह पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षं असलेल्या लोकांचा अमेरिकेतल्या जॉस्लिन केंद्राने बरीच वर्षं अभ्यास केला आहे. त्यातल्या बऱ्याच जणांत गंभीर रेटिनोपॅथी झालेलीच नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या शुगरच्या आकड्यांतून उलगडत नाही. २०१९ साली त्याच गटाने आरबीपी-३ हे प्रथिन पुढे आणलं. प्रकाशपेशी ते तयार करतात आणि ज्यांचे डोळे वाचले त्यांच्या पडद्यात ते जास्त आढळलं. म्हणजे शुगर नुकसान करते हे खरंच, शिवाय काहींच्या पडद्यात बचावाची सोयही असते. भावंडांमध्ये गंभीर रेटिनोपॅथी एकत्र आढळते हेही डीसीसीटीतच दिसलं, तेव्हा आनुवंशिकतेचा हात आहे. पण एकच एक जनुक जबाबदार आहे, असं शोधूनही सापडलेलं नाही. छोटा छोटा परिणाम करणारी अनेक असावीत. आणि सख्ख्या बहिणींचीही सरासरी निम्मीच जनुकीय पुंजी सारखी असते. एकीच्या वाट्याला जे आलं ते दुसरीच्या वाट्याला येईलच, असं नाही.

आता तुमच्या पत्रातलं जाता जाता आलेलं वाक्य, ज्यावर मी सर्वात जास्त वेळ थांबलो : बीपी १५०/९०, गोळी आठवण झाली की. इतकं सगळं शुगरबद्दल लिहिलंत आणि हे ‘बाकी तब्येत ठीक’ या सदरात टाकून दिलंत! निरोगी पडदा रक्तदाब वाढला तरी आपल्या वाहिन्या आवळून आतला प्रवाह स्थिर ठेवतो. मधुमेहात ही क्षमता मंदावते, मग वाढलेला दाब थेट त्या फुगलेल्या, आधार गेलेल्या भिंतींवर येतो. पाझर वाढतो, सूज वाढते. यूकेपीडीएसमध्ये १९९८ साली दोन गटांची तुलना झाली : एकाचं सरासरी बीपी १५४/८७, दुसऱ्याचं १४४/८२. फरक फक्त दहा अंकांचा. तेवढ्याने रेटिनोपॅथी वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी उतरलं. तुम्ही आज पहिल्या गटाच्या जवळ आहात, आणि दुसऱ्या गटाचाही आकडा आजच्या मानाने ढिलाच म्हणायला हवा.

त्यात आणखी एक मेख आहे. त्याच लोकांचा पुढे दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा शुगर सांभाळल्याचा फायदा टिकून राहिलेला दिसला, बीपी सांभाळल्याचा मात्र दोन्ही गटांचं बीपी सारखं झाल्यावर विरून गेला. साखरेची आठवण पेशी ठेवतात. बीपीच्या गोळीची कुणी ठेवत नाही. ती ज्या दिवशी घेतली त्या दिवसापुरती. ‘आठवण झाली की’ हा प्रकार आजपासून बंद.

लघवीतली प्रथिनंही ‘किंचित’ म्हणून सोडू नका. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांतही असाच बिघाड चालू असल्याची ती खूण आहे, आणि मूत्रपिंड दमलं की अंगात पाणी साठतं, हिमोग्लोबिन उतरतं. दोन्ही पडद्याला मारक. चरबीच्या बाबतीत एक मजेशीर निष्कर्ष आहे. फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइडवरचं जुनं औषध रेटिनोपॅथीची गती कमी करतं, हे २००७ आणि २०१० सालच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं, २०२४ साली स्कॉटलंडमधल्या चाचणीने ते पुन्हा दाखवलं, आणि हा परिणाम रक्तातल्या चरबीच्या आकड्यांवर फारसा अवलंबून नाही असं दिसतं. ते तुम्हाला योग्य आहे का, हे तुमच्या मूत्रपिंडाचे आकडे बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. विचारायला हरकत नाही.

राहिला ओळखीच्यांचा मुद्दा. शुगर झपाट्याने उतरल्यावर रेटिनोपॅथी काही काळ बळावते, हे खरं आहे. डीसीसीटीच्या काटेकोर गटात पहिल्या वर्षात १३.१ टक्के लोकांची रेटिनोपॅथी वाढली, दुसऱ्या गटात ७.६ टक्के. पहिल्या वर्षापुरतं पाहिलं असतं तर काटेकोर उपचार हानिकारक ठरवून मोकळे झालो असतो. पुढे काय झालं ते वर सांगितलंच. तुमच्या इंजेक्शनच्या, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या २०१६ सालच्या चाचणीतही रेटिनोपॅथीच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के होत्या. त्रास झाला तो मुख्यतः ज्यांना रेटिनोपॅथी आधीच होती आणि ज्यांची शुगर सुरुवातीला वेगाने खाली आली त्यांना. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

असं का होतं, यावर अजून वाद आहेत. एक मत असं की जास्त साखरेत पडद्याचा रक्तप्रवाह वाढलेला असतो. साखर एकदम उतरली की तो प्रवाहही उतरतो आणि आधीच काठावर असलेले भाग उपाशी पडतात. दुसरं मत वाढीच्या संप्रेरकांकडे बोट दाखवतं. त्यामागे एक जुनी हकिकत आहे. १९५३ साली डेन्मार्कच्या याकोब पाउलसन यांनी एका मधुमेही स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. बाळंतपणात झालेल्या मोठ्या रक्तस्रावाने तिची मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी, जिथून वाढीचं संप्रेरक येतं, निकामी झाली होती, आणि त्यानंतर तिच्या पडद्यावरचे बदल ओसरले. त्यावरून पुढे काही वर्षं गंभीर रेटिनोपॅथीच्या रुग्णांची ती ग्रंथी शस्त्रक्रियेने काढत असत! लेसर आलं आणि तो अघोरी उपाय मागे पडला. पण वाढीचं संप्रेरक आणि त्याच्या प्रेरणेने शरीरात बनणारा आयजीएफ-१ हा घटक पडद्याच्या वाहिन्यांना चिथावतो, हा धागा शिल्लक राहिला. वयात येताना आणि गरोदरपणात रेटिनोपॅथी जोर धरते, त्यामागेही संप्रेरकांचा हात असावा असं मानतात.

तुमच्या बाबतीत इंजेक्शनमुळेच हे झालं असं मात्र ठामपणे म्हणता येणार नाही, कारण आधीचा फोटोच नाही. हे ठिपके वर्षभरापूर्वी नव्हते, असं कशावरून? माझा अंदाज असा, की बहुतेक ठिपके जुने असावेत आणि सूज अलीकडची. तो चुकूही शकतो. दोन्ही शक्यतांत उपचार तोच : शुगर सध्याच्या जागी राहू द्या, आणखी खाली ओढायची घाई नको, आणि हे सगळं तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा. ते आणि डोळ्यांचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले असतीलच असं गृहीत धरू नका. रिपोर्ट तुम्ही स्वतः न्या.

सुजेसाठी ओसीटी हा पडद्याचा स्कॅन करून घेतला नसेल तर करा. पडद्याच्या थरांची जाडी त्यात मोजता येते आणि पाणी ऐन मध्यभागी आहे की बाजूला, ते कळतं. मध्यभागी असेल आणि तरी नजर चांगली असेल, तर लगेच डोळ्यात इंजेक्शन घ्यावंच लागतं असं नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांचे तीन गट केले होते : इंजेक्शन, लेसर आणि नुसतं बारीक लक्ष ठेवून नजर खालावली तरच इंजेक्शन. दोन वर्षांनी नजर गमावण्याचं प्रमाण तिन्हींत सारखंच निघालं. पण ‘लक्ष ठेवणं’ म्हणजे ठरल्या तारखांना हजर राहणं. तुमचा पिंड नेमाचा आहे, तुम्हाला ते जमेल. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर रक्ताच्या ठिपक्यांना घाबरून बंद करू नका. त्याने रेटिनोपॅथीतला रक्तस्राव वाढत नाही, हे तपासून झालेलं आहे.

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, वीज चमकल्यासारखं झालं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं किंवा सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

मुलीच्या डोळ्यांची काळजी आज नको. तिला मधुमेह नाही, तर हा विकारही नाही. रेटिनोपॅथीचा धोका सांगणारी कोणतीही जनुकीय चाचणी सध्या उपयोगाची नाही, कुणी सुचवली तर पैसे घालवू नका. मधुमेहाचा धोका मात्र तिला सर्वसाधारणपेक्षा जास्त आहे, तेव्हा तिची शुगर अधूनमधून तपासत राहा. म्हणजे पुढे कधी निघालाच तर तुमच्यासारखा वर्षानुवर्षं लपून बसणार नाही.

आणि येत्या आठवड्यात ताईंना पडदा तपासायला घेऊन जा. थेंब टाकल्यावर बाहुली काही तास मोठी राहते, उजेड टोचतो, जवळचं दिसत नाही. म्हणून त्या दिवशी त्यांनी गाडी चालवायची नाही, गॉगल बरोबर ठेवायचा, आणि शुगर-बीपीचे जुने कागद असतील तेवढे सगळे घेऊन जायचे.